मणक्याचे ऑपरेशन : घाई कुणाला, भीती कुणाला?

महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीवर बायकांची बैठक घ्या. विषय बचत गटाचा असो, रेशनचा असो की दारूबंदीचा, तासाभरात कुणीतरी भिंतीला पाठ टेकवते, पाय लांब करते आणि म्हणते, "माझ्या मणक्यात गॅप आहे." दुसरीची नस दबलेली असते, तिसरीची गादी सरकलेली. पिशवीतून एक्स-रेचे पाकीट निघते, हल्ली एमआरआयची भलीमोठी फिल्मही निघते. त्या फिल्मवर काय आहे हे तिला कुणी समजावून सांगितलेले नसते. डॉक्टरांनी एकच वाक्य सांगितलेले असते, "ऑपरेशन करावं लागेल." आणि गावाने दुसरे, "मणक्याला हात लावू देऊ नकोस, पांगळी होशील."

या दोन वाक्यांच्या कात्रीत आपल्या बाया सापडल्या आहेत. पहिल्या वाक्यापायी जमीन गहाण पडते, दागिने मोडतात. दुसऱ्या वाक्यापायी जिचे ऑपरेशन दोन दिवसांत व्हायला हवे होते ती घरी पडून राहते आणि कायमची अधू होते. माझे म्हणणे असे, की स्त्रियांच्या गटांनी दोन्हींशी भांडले पाहिजे. त्यासाठी मणक्याचे ऑपरेशन केव्हा लागते आणि केव्हा लागत नाही, एवढे तरी आपल्याला नीट माहीत हवे. ते फार अवघड नाही. अवघड करून ठेवलेले आहे.

आधी दुखण्याच्या मुळाकडे बघू. पंधरा लिटरचा हंडा भरला की पाणीच पंधरा किलो झाले. भांड्याचे वजन वेगळे. त्यावर कळशी, आणि हाताशी आणखी एक. वीस-पंचवीस किलोचे ओझे चुंबळीवर घेऊन बाई दिवसातून चार-पाच खेपा डोंगर चढते-उतरते. लावणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत कंबरेतून वाकलेली. नंतर गवताचे भारे, राबाच्या कवळाचे भारे, लाकडाच्या मोळ्या. रायगड जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच दोन तालुक्यांतल्या वाड्यांना टँकर लागतो. १९२७ साली पाण्याच्या हक्काचा प्रश्न ज्या महाडने देशापुढे ठेवला, त्याच महाडच्या डोंगरात पाणी आजही बाईच्या मानेवरून घरी येते. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. मागे राहिलेली शेती, गुरे, म्हातारी माणसे आणि पाणी, सगळे तिच्याच गळ्यात.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कष्टाने पाठ दुखणे आणि मणका बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक कंबरदुखी स्नायूंची, सांध्यांची, थकव्याची असते आणि ऑपरेशनशिवाय कमी होते. हे म्हणजे "तुला काही झालेलं नाही" असे नव्हे. दुखणे खरेच असते, फक्त ते कापून काढण्याजोगे नसते.

मग ‘गॅप’ म्हणजे काय? दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. वय वाढते तशी ती सुकते, चपटी होते, थोडी बाहेरही फुगते. केस पांढरे व्हावेत तसेच हे आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या निर्दोष निघाल्या. ५२ टक्क्यांची एक तरी गादी फुगलेली होती. आणि ही धडधाकट माणसे होती! म्हणजे फिल्मवर गादी फुगलेली दिसली, यावरून दुखणे तिथूनच येते आहे असे ठरत नाही. बाईचे पाय, तिची चाल, तिची संवेदना तपासून जे सापडते ते आणि फिल्मवरचे यांचा मेळ बसला, तरच त्या फिल्मला अर्थ. पायाला हात न लावता, झोपवून पाय उचलून न बघता, नुसती फिल्म उजेडासमोर धरून कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर ती फिल्म घेऊन सरळ दुसऱ्या डॉक्टरकडे जावे.

गादीचा तुकडा खरोखरच सरकून नसेवर आला, तर कंबरेपेक्षा पायात जास्त दुखते. कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत, पार पावलापर्यंत वीज गेल्यासारखी कळ जाते, मुंग्या येतात. त्यातही घाई नसते. बहुतेकींचे हे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत ओसरते, कारण शरीर तो तुकडा हळूहळू जिरवते. हॉलंडमध्ये पायात सहा ते बारा आठवडे अशी कळ असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट करून एक पाहणी झाली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. एका गटाचे लवकर ऑपरेशन केले, दुसऱ्याला औषधे-व्यायाम देऊन थांबवले. ऑपरेशनवाल्यांचे दुखणे लवकर थांबले, यात शंका नाही. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत शंभरातले पंचाण्णव जण सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के जणांना मात्र वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावेच लागले. या पाहणीतून मी जो अर्थ घेते तो असा, की इथे ऑपरेशन म्हणजे लवकर सुटका, आणि ती हवी की नको हे ज्याचे दुखते त्याने ठरवायचे. तीन महिने कळ सोसून जिला उभेही राहवत नाही, तिने ऑपरेशन मागितले तर तिला "सहन कर" म्हणणारे आपण कोण? बाईला सहन करायला सांगणारे आधीच पुष्कळ आहेत.

आता ज्यात थांबायचेच नाही ते. लघवी अडली, किंवा नकळत होऊ लागली. शौचाचा ताबा गेला. जांघेत, बसायच्या जागी बधिर झाले, धुताना हात लागलेला कळत नाही. दोन्ही पायांतली ताकद उतरत चालली. यांतले काहीही झाले तर तो तातडीचा प्रसंग आहे, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ऑपरेशन झाले तरच ताबा परत येण्याची आशा जास्त. बायका नेमके हेच सांगत नाहीत. लघवीचे, ‘त्या’ जागेचे सासऱ्यादेखत कसे बोलायचे? दोन दिवस लाजेत जातात आणि पुढचे सगळे आयुष्य लघवीच्या नळीवर. म्हणून हे शब्द बैठकीत मोठ्याने उच्चारायची सवय करायला हवी.

यापेक्षा थोडी कमी घाईची, पण दुर्लक्ष न करण्याजोगी आणखी लक्षणे आहेत. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. टाचांवर चालून दाखव म्हटले तर पाऊल उचलत नाही, चवड्यांवर चालता येत नाही. ही तपासणी गटातली कुणीही बाई करू शकते, तिला यंत्र लागत नाही. मानेचा मणका दाबला गेला तर वेगळेच होते. मान फारशी दुखत नाही, पण हाताची बोटे अवजड होतात, पोलक्याचे हुक लावता येत नाहीत, तांदूळ निवडताना खडा चिमटीत येत नाही, चालताना तोल जातो. डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेचे मणके लवकर झिजतात असे हमालांच्या पाहण्यांत दिसले आहे, तेव्हा आपल्याकडे हे जास्त जपून बघायला हवे. "वय झालं" म्हणून हे सोडून दिले जाते. मानेतून मज्जारज्जू जातो. तो दाबला जात असेल तर ऑपरेशन मुख्यतः पुढचे बिघडणे थांबवण्यासाठी असते, गेलेले सगळे परत मिळेलच असे नाही. त्यामुळे उशीर महाग पडतो.

पांगळेपणाच्या भीतीविषयीही बोलू. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो. गादी सरकते ती बहुधा कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याशी, म्हणजे मज्जारज्जूच्या बऱ्याच खाली. तिथल्या ऑपरेशनमध्ये एखाद्या नसेला इजा होऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, शंभरातल्या पाच ते दहा जणींची गादी पुन्हा सरकते. धोका शून्य नाही. पण "मणक्याला हात लावला की दोन्ही पाय गेले" ही गोष्ट तिथे लागू नाही.

ऑपरेशने तरी किती प्रकारची? सगळ्यांना आपण एकच नाव देतो, त्यामुळे फसतो. गादीचा सरकलेला तुकडा तेवढा काढणे, हे सर्वांत लहान. दुर्बिणीतून किंवा सूक्ष्मदर्शकाखाली लहान छेदातून होते, बाई एक-दोन दिवसांत चालू लागते. दुसरे म्हणजे मणक्याच्या मागची हाडाची कमान कापून नसांना जागा करून देणे. हे वयस्कर बायकांना लागते, ज्या थोडे चालले की पाय भरून येतात म्हणून बसतात, आणि पुढे वाकले की ज्यांना बरे वाटते. तिसरे, स्क्रू आणि सळ्या घालून मणके एकमेकांना जोडून टाकणे. खरा खर्च इथे आहे आणि वादही इथेच आहे. मणका मोडला असेल, एकावरून दुसरा घसरत असेल, क्षयाने किंवा गाठीने पोखरला असेल, तर जोडणे लागतेच. पण नुसती कंबर दुखते म्हणून जोडणे? ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. जोडण्याचे ऑपरेशन आणि नेटाने शिकवलेला व्यायाम यांच्या परिणामांत फारसा फरक नव्हता. नसांना जागा करून देताना सोबत स्क्रूही घालावेत का, हे स्वीडनने २४७ रुग्णांत तपासले. २०१६ साली निष्कर्ष आला, की दोन वर्षांनंतर फायदा काही जास्त नाही. तेव्हा "स्क्रू कशासाठी? स्क्रूशिवाय चालणार नाही का?" हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याच ओळीत मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याचे. २००९ साली दोन पाहण्यांत ते खोट्या, नुसत्या दाखवण्यापुरत्या केलेल्या ऑपरेशनपेक्षा सरस ठरले नाही. पाठीत देतात ते इंजेक्शन काही आठवडे आराम देते, कधी तेवढाही पुरतो. ‘लेझर’ आणि ‘बिनटाक्याचे’ या शब्दांना भुलू नये. आत काय करणार, ते विचारावे.

क्षयाची गोष्ट वेगळी काढते, कारण ती आपल्याकडे फार चुकते. पाठीत एकाच जागी रोज दुखते, रात्री जास्त, बारीक ताप, वजन उतरते, पुढे पाठीला कुबड दिसू लागते. हा मणक्याचा क्षय असू शकतो. अशा पाठीवर पायाळू माणसाचा पाय लावून घेणे म्हणजे पोखरलेला वासा लाथेने तपासणे! उसण भरली की पायाळूकडे जाण्याची आपली रीत मला माहीत आहे आणि साध्या उसणीला त्याने फारसे बिघडत नसेलही. पण ताप असेल, पडझड झाली असेल, वय साठीचे असेल, तर मुळीच नको. क्षयावर बहुतेकींना ऑपरेशन लागत नाही. बनारसचे डॉ. सुरेंद्रमोहन तुली यांनी १९७५ साली आपला ‘मधला मार्ग’ मांडला. सगळ्यांना औषधे द्यायची आणि ज्यांचे पाय औषधांनी सुधारत नाहीत किंवा आणखी बिघडतात त्यांचेच ऑपरेशन करायचे. सोयी कमी असलेल्या आपल्या देशातून निघालेला हा विचार जगभर मानला गेला. औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावी लागतात. क्षय म्हटला की सुनेला माहेरी धाडतात, आणि औषध मध्येच सुटते. तिथे गटाने मध्ये पडायचे आहे.

आणि आता पिशवीचे. बाईची कंबर दुखते, अंगावर पांढरे जाते, म्हणून गर्भाशय काढून टाकायचे, हा धंदा आपण बीडमध्ये उघडा पडताना पाहिला. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कंबर त्याने थांबली का? कंबरदुखीचे कारण गर्भाशयात क्वचितच असते. उलट, पिशवीसोबत अंडाशयेही काढली, तर पस्तिशीत पाळी जाते, हाडे वेळेआधी ठिसूळ होतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी हंडा उचलताना मणकाच पिचतो. म्हणजे कंबरेसाठी म्हणून केलेल्या ऑपरेशनने कंबरच मोडते. मग ती बाई मणक्याच्या डॉक्टरकडे पाठवली जाते. बाईचे शरीर तुकड्यातुकड्यांनी विकले जाते ते असे.

पाठवले जाते, यावरून ‘कट’. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याला विंचूदंशामुळे ठाऊक आहेत. प्राझोसिनच्या गोळीने त्यांनी कोकणातली किती मुले वाचवली, आणि त्या कामासाठी त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. पण मला त्यांची दुसरी लढाई तेवढीच मोलाची वाटते. २०१३ साली पुण्याच्या एका तपासणी केंद्राने, रुग्ण पाठवल्याबद्दल त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश पाठवला. त्यांनी तो परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. एवढ्याशा गावातल्या डॉक्टरने पुण्याच्या केंद्राविरुद्ध! पुढे २०१६ साली डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून पुस्तक केले, त्यात डॉक्टरांनीच या धंद्याची कहाणी सांगितली. आपण एवढे लक्षात ठेवावे, की एमआरआय लिहून देणाऱ्याला त्यात वाटा असू शकतो. दुसरे मत घ्यायचे ते पहिल्या डॉक्टरने सुचवलेल्या माणसाकडे नव्हे. अलिबागचे जिल्हा रुग्णालय किंवा मुंबईची केईएम, जेजे, सायन ही ठिकाणे दूर आहेत, रांगा आहेत, तरी जिथे ऑपरेशन केले काय न केले काय, डॉक्टरच्या पगारात फरक पडत नाही, तिथले मत एकदा घ्यावे. दुसऱ्या मताचा आणि आपल्या कागदपत्रांचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. फिल्म आणि रिपोर्ट आपले आहेत, दवाखान्याचे नव्हेत.

सहीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. "मालकांना बोलवा, सही हवी," हे आपण हजारदा ऐकले आहे. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या ऑपरेशनला तिचीच संमती लागते, नवऱ्याची नव्हे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. ती बाई तपासणीसाठी भूल घेऊन झोपली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशये काढली होती. न्यायालय म्हणाले, बाई स्वतः निर्णय घ्यायला समर्थ असताना दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही. जशी ऑपरेशन करताना, तशी नाकारतानाही. आणि नवरा मुंबईहून येईपर्यंत लघवी अडलेल्या बाईचे ऑपरेशन लांबवतानाही.

डोंगरातून माणूस खाली आणण्याचेही सांगायला हवे. आंब्या-काजूवरून पडलेली, घाटात जीप उलटून जखमी झालेली बाई आपण झोळीत किंवा डोलीत घालतो. झोळीत पाठ वाकते आणि मोडलेला मणका मज्जारज्जूत घुसतो. दार काढा, फळी घ्या, तीन-चार जणींनी डोके, धड आणि पाय एका रेषेत ठेवून तिला एकदम कुशीवर वळवा, फळी खाली सरकवा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावा आणि बांधा. मग रस्त्यापर्यंत न्या आणि १०८ बोलवा.

खर्चाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली दुसऱ्या नावाने ती सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. मणक्याचे कोणते ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे, पैसे भरल्यावर नव्हे. पण या योजनेचा स्वभावच असा, की ऑपरेशनला पॅकेज आहे, विश्रांतीला नाही. व्यायाम शिकवणारी बाई पोलादपूरच्या वाडीवर येत नाही, आणि बुडलेली मजुरी कुणी देत नाही. ऑपरेशन न करता बरे होण्याचा मार्ग गरिबाला जास्त महाग पडतो, हे आरोग्य खात्याला आपण विचारले पाहिजे. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरावीक दिवशी तरी फिजिओथेरपिस्ट हवी, ही मागणी निवेदनात पहिल्या क्रमांकाला असावी. टाकीचे पाणी वाडीपर्यंत, ही त्याआधी.

आणि ऑपरेशन ठरलेच, तर तारीख घेण्याआधी घरात एक हिशेब करून घ्यावा. साधारण सहा आठवडे वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही. त्या सहा आठवड्यांत पाणी कोण आणणार, शेण कोण काढणार, भाकरी कोण थापणार? चाकरमानी सुट्टी काढून येणार की नाही? नसेल येणार, तर वाडीतल्या बायकांनी पाळ्या लावून घ्याव्यात आणि कुणाची खेप कोणत्या दिवशी ते गटाच्या वहीत लिहून ठेवावे. तारीख लावणी उरकल्यावरची घ्यावी. मात्र पाऊल लुळे पडत असेल तर लावणीसाठीही थांबू नये.